माहेर घाटावर, दवाखाना घाटाखाली: नवव्या महिन्यातल्या एका निर्णयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं गाळली आहेत.

पहिलटकरीण, वय २२, बारावी शिकलेली. सासर परभणी जिल्ह्यात, डांबरी रस्त्यालगतच्या गावात. तिथून उपजिल्हा रुग्णालय ११ किलोमीटर. नवरा चाकणला कंपनीत, सासू-सासरे शेतीत. माहेर डोंगरात. आई-वडील दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की गावी परततात. त्या वर्षी ते मार्चच्या शेवटी परतले. सातव्या महिन्यात ओटी भरायची वेळ आली, तेव्हा माहेरच्या दाराला कुलूप होतं आणि आई कारखान्याच्या तळावर खोपीत. ओटी सासरीच भरली. पुढे जे घडलं त्यात आईच्या मनातल्या या सलाचा वाटा मोठा आहे.

शेवटची पाळी २१ ऑगस्टची. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की २८ मे ही तारीख येते. माता बाल संरक्षण कार्डावर तीच लिहिलेली होती.

९ एप्रिलला, ३३ आठवडे पूर्ण झालेले असताना, सासरकडच्या दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.६ निघालं. गरोदरपणात ११ च्या खाली रक्त कमी धरतात, १० च्या खाली मध्यम पंडुरोग. गोळ्या तर चौथ्या महिन्यापासून चालू होत्या. सिस्टरने विचारलं, कशा घेतेस? तेव्हा कळलं की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच, जेवण झाल्यावर, वरून चहा. कॅल्शियमही लोह अडवतं आणि चहाही. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी त्यानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत, एवढा बदल चार महिन्यांपूर्वी झाला असता तर बहुधा पुढचं टळलं असतं. आता वेळ कमी होता, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात सलाइनमधून आयर्न सुक्रोज दिलं: २०० मिलिग्रॅमचे चार डोस, एक दिवसाआड. शौच काळी होते म्हणून घाबरून अनेकजणी गोळ्या बंद करतात. तो गोळीचाच रंग असतो, हे तिला समजावून सांगितलं.

अडचण

३० एप्रिलला, ३६ आठवडे भरले त्या दिवशी, भाऊ तिला माहेरी घेऊन आला. गाडी दुपारी साडेबाराची. बसमध्ये चार तास, अंगावर ऊन. घरी पोचल्यावर रात्रभर पाय सुजलेले आणि पोट घट्ट येतंय-सुटतंय. सकाळपर्यंत शांत झालं, पण माहेरच्या गावच्या आशा सेविकेनं, आशाताईंनी, सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं ते त्यामुळेच.

माहेरच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटर. साधं बाळंतपण तिथं व्यवस्थित होतं. रक्त चढवायची किंवा सिझेरियनची सोय मात्र तिथं नाही. त्यासाठी घाट उतरून तालुक्याला, ३४ किलोमीटर, त्यातला ६ किलोमीटरचा घाट. मोबाइलला रेंज दोनच जागी, घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, आणि महादेवाच्या देवळापाशी. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणानंतर थोडा जास्त स्राव झाला तरी तो सोसत नाही. धडधाकट बाईचं जिथं निभावतं, तिथं हिचं अवघड होतं.

आईचं म्हणणं एका वाक्यात होतं: "ओटीला आले न्हाई, आता बाळंतपण तरी माझ्या हातानं हु द्या." या वाक्याला रीतीभातीचा हट्ट म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. पण लेकीलाही तेच हवं होतं. सहा महिने आईचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं.

समोरचे पर्याय

२ मे रोजी अंगणात बसून बोलणं झालं: माहेरकडच्या सिस्टर, आशाताई, आई, वडील, भाऊ, आणि माळवदावरून फोनवर नवरा.

पहिला पर्याय परत सासरी जाण्याचा. दवाखाना जवळ, तिथले डॉक्टर ओळखीचे, कागदपत्रं तिथलीच. पण पुन्हा तोच प्रवास, आणि पेरणीच्या तोंडावर सासू दिवसभर रानात. दुसरा, माहेरी राहून कळा सुरू झाल्या की निघण्याचा. तिसरा पर्याय सिस्टरने मांडला. तालुक्याला मावशीची दोन खोल्यांची जागा होती, रुग्णालयापासून २ किलोमीटरवर. ३८ आठवडे भरेपर्यंत माहेरी राहायचं, नंतर आईसकट मावशीकडे. यात खर्च होता: आईचा रोज बुडणार, मावशीच्या घरी दोन माणसं वाढणार, तिथं नळाला चार दिवसांनी पाणी. खाजगी दवाखान्याचा विषय निघाला तसाच संपला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, बाळंतिणीचं जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे, हे वडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

वडिलांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. सिस्टरने त्यांना समजावत बसण्याऐवजी विचारलं, "मामा, रात्री दोनला कळा लागल्या तर गाडी कुणाची?"

"चुलत्याची पिकअप."

"ती रात्री दोनला कुठं असती?"

पिकअप आठवड्यातून तीन रात्री भाजी घेऊन मार्केटला जायची. मग १०८ ची रुग्णवाहिका. पण १०८ ला आधी तालुक्याहून घाट चढून यायचं आणि मग उतरायचं, म्हणजे रस्ता दुप्पट. तरी वडिलांचं मन मानेना. त्यांनी जे केलं ते आम्ही आता प्रत्येक घराला करायला सांगतो. पिकअप मोकळी होती त्या रात्री बाप-लेक अकरा वाजता निघाले आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन आले. दिवसा ५५ मिनिटं लागणाऱ्या रस्त्याला रात्री १ तास २० मिनिटं लागली. घाटात वळणावर भरलेला ट्रक बंद पडला होता आणि पिकअपचा एक दिवा मंद होता. सकाळी वडील स्वतःच म्हणाले, मावशीकडं नेऊ.

माहेरचे दिवस

१४ मेला ३८ आठवडे भरणार होते. म्हणजे माहेरचे पुरे दोन आठवडेही नव्हते हातात, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच ते दिवस चांगले गेले. कुठं जायचं, कधी जायचं, कुणाबरोबर, हे ठरलेलं होतं. रोज संध्याकाळी तोच वाद घालायचा उरला नव्हता.

तिला माळवदावर झोपायचं होतं, लहानपणासारखं. तेवढं मात्र नाकारलं. नवव्या महिन्यात पोट पुढं आलेलं असतं, तोल बदलतो, सांधे सैल पडतात. लाकडी शिडीवरून पाय घसरायला रात्रीची एक लघवीची फेरी पुरते. त्याऐवजी बाज अंगणात, लिंबाखाली आली. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये जुनी वाकळ गुंडाळून. पाठीचं दुखणं त्यानं निम्मं कमी होतं. कुठली महागडी उशी लागत नाही.

मे महिना, पारा ४० च्या पुढं. पाणी दिवसाला ३ लिटर, तहान लागायची वाट न पाहता. तिच्यासाठी वेगळा तांब्या ठेवला आणि रात्री झोपेपर्यंत तो सहा वेळा रिकामा झाला पाहिजे, हे काम धाकट्या बहिणीकडं दिलं. ताक, कैरीचं पन्हं चालू होतं. रक्तदाब वाढलेला असेल तर मिठाला आवर घालावा लागतो. हिचा व्यवस्थित होता. चालणं सकाळी सहाला आणि दिवस मावळताना, २० ते ३० मिनिटं. दुपारी बाराच्या आत आंघोळ आणि मग घरात.

खरा आनंद होता दुपारच्या शिवणकामाचा. बाळ व्हायच्या आधी नवं काही आणू नये, अशी घरातली समजूत. त्यावर कुणी वाद घातला नाही, आणि बरंच झालं. आजीची दोन सुती लुगडी ट्रंकेत होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. आईनं जमिनीवर अंथरून, हातानं टरकावून एकेक मीटरची चौकोनी दुपटी केली, आठ. उरलेल्यातून बारा लंगोट, सहा झबली, चार टोपडी. काठाचा भाग बाळाच्या अंगाला टोचतो म्हणून तो काढून वाकळीला किनार लावली. झबल्याला बटण नाही, नाडी; आणि शिवण बाहेरच्या बाजूला. सगळं उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलं आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवलं. टाके घालता घालता आईनं कारखान्यावरचे सहा महिने सांगितले, लेकीनं सासरचे. ओटीचा सल त्या दुपारींत बराच निवला असावा.

डिंकाच्या लाडवांत एक चूक होता होता राहिली. मे महिन्यात सुकं खोबरं घालून वळलेले लाडू तीन आठवडे ठेवले तर खवट होतात. म्हणून एक किलो खारीक फोडून कुटून, अर्धा किलो खोबरं किसून भाजून, पाव किलो डिंक निवडून कोरडे डबे भरले. तूप-गुळात वळायचं काम बाळंतपणानंतर.

गावातली सुईण मायेनं आली, डोकं खाली सरकावं म्हणून पोट चोळून देते म्हणाली. पाय आणि कंबर चोळायला काही हरकत नाही, पोटावर दाब नको. वार गर्भाशयापासून वेळेआधी सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. एरंडेल पाजायचीही तिची तयारी होती; त्यानं जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि उन्हाळ्यात ते फार महागात पडतं. आशाताईंनी तिला कंबर चोळायला बसवलं आणि तिचाही मान राहिला.

९ मेला आरोग्य केंद्रातल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.५, रक्तदाब ११६/७४, बाळाचं डोकं खाली. त्याच दिवशी एक अडलेलं काम निघालं: मातृवंदना योजनेचा ३,००० रुपयांचा पहिला हप्ता आलाच नव्हता, कारण बँकेत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. वडिलांनी दोन दिवसांत बँकेत जाऊन कागद भरले. बाळंतीण झाल्यावर त्या रांगेत कुणी उभं राहायचं?

११ मेची दुपार

जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची, हे तिला शिकवलं होतं. दोन तासांत दहा वेळा जाणवली पाहिजे. एरवी तिला अर्ध्या-पाऊण तासातच दहा मोजून व्हायच्या. त्या दिवशी दोन तासांत चार.

दोन वाजता तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "नववा भरत आला की जागा पुरत न्हाई लेकराला, म्हणून गप असतंय." ही समजूत सगळीकडं आहे आणि ती चूक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी कुशी वळल्यासारखं वाटतं. संख्या कमी व्हायला नको. कमी झाली तर त्याच दिवशी, त्याच वेळी तपासणी. तिला साखरेचं पाणी दिलं, थंड पाणी दिलं, थोडं चालायला लावलं. असं करत करत आठ वाजले. तेव्हा भाऊ माळवदावर चढला आणि त्यानं आशाताईंना फोन लावला.

१०८ नऊच्या सुमारास आली, रुग्णालयात पोचायला दहा वाजून गेले. पोटाला पट्टे बांधून २० मिनिटं बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. तो चांगला होता. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी पुरेसं. लघवी गडद पिवळी, म्हणजे तांब्या सहा वेळा रिकामा झाला नव्हता. सलाइन लागलं आणि मध्यरात्रीनंतर बाळ पहिल्यासारखं हलू लागलं.

निभावलं, पण सहा तास गेले होते. आलेख बिघडलेला निघाला असता तर हेच सहा तास सर्वांत महाग पडले असते.

आणखी एक चूक त्याच रात्री झाली. "नुसतं दाखवून येऊ" म्हणून तयार पिशवी घरीच राहिली. कार्ड हातात होतं ते केवळ आशाताईंनी फोनवर तीनदा बजावलं म्हणून. डॉक्टरांनी परत घाट चढू नका म्हटलं आणि तीन दिवस आधीच मुक्काम मावशीकडं हलला. पिशवी दुसऱ्या दिवशी भावानं एसटीनं आणली.

त्या पिशवीत होतं: कार्ड, आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स, सोनोग्राफीचे कागद, रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांचे नंबर कागदावर लिहून, कारण फोनची बॅटरी उतरते, पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, सपाता, बाळाचे कपडे, थर्मास, चार्जर, रोख २,००० रुपये. आणि सोबतीसाठी राजगिऱ्याचे लाडू. हे शेवटचं कुणी लिहीत नाही. बाळंतिणीला जेवण मिळतं, सोबतीण मात्र रात्रभर उपाशी उभी राहते आणि पहाटे चक्कर येऊन पडते.

मावशीकडून रुग्णालयापर्यंत

१७ मेच्या संध्याकाळी कळा आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत मावशीच्या मुलानं वेळा लिहिल्या: ७.१०, ७.३५, ७.४२, ८.२०. अंतराचा मेळ नाही. दोन ग्लास पाणी पिऊन कुशीवर पडल्यावर थांबल्या. खोट्या कळा. खऱ्या कळा जवळजवळ येत जातात, जोर वाढतो, कमरेतून पोटात उतरतात आणि पडून राहिलं तरी थांबत नाहीत.

२३ मेला पहाटे ३.२० ला अंथरूण ओलं झालं. कळ एकही नव्हती. पाणमोट फुटली की कळांची वाट पाहायची नसते. वेळ लिहून घेतली, पॅड लावला, पाण्याचा रंग पाहिला. स्वच्छ होतं, हिरवट किंवा तपकिरी असतं तर बाळानं आतच शी केल्याची खूण, तेव्हा घाई आणखी करावी लागते. शेजारच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पिशवी, कार्ड, आई, आणि १२ मिनिटांत रुग्णालय.

कळा सहाला सुरू झाल्या. बाळंतपणाच्या खोलीत आईला सोबत राहू दिलं. सरकारी दवाखान्यात सोबतिणीला २०१६ पासून परवानगी आहे, पण ती मागावी लागते. आईनं कंबर चोळली, दोन कळांच्या मध्ये घोटघोट पाणी दिलं. तिच्या हातानं व्हायचं ते असं झालं.

परिणाम

दुपारी ४.४० ला मुलगी, वजन २ किलो ८०० ग्रॅम. रक्त चढवावं लागलं नाही. पाऊण तासाच्या आत बाळ छातीला लावलं. मावशी मधाची बाटली घेऊन आली होती; चीकच, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूधच द्यायचं, मध-घुटी काही नाही, हे २ मेच्या बैठकीतच ठरल्यामुळे त्या क्षणी वाद झाला नाही. तिसऱ्या दिवशी १०२ च्या गाडीनं बाळ-बाळंतीण घाट चढून माहेरी. पाचवी माहेरच्या घरात पुजली. शेगडी आणि धुरी मात्र नाही: ४१ अंशांच्या उन्हाळ्यात बंद खोलीत कोळसा पेटवला तर धूर आणि विषारी वायू बाळाच्याच छातीत जातो. गरम पाण्याची आंघोळ झाली, खिडकी उघडी राहिली.

काय वेगळं करता आलं असतं

नवऱ्यानं रजा २६ मेपासून मांडली होती, कारण कार्डावर २८ होती. तो पोचला २३ च्या रात्री नऊला, धावतपळत. नेमक्या तारखेला होणारी बाळं थोडीच. ३७ ते ४१ आठवडे हा सगळा काळ धरून, फोन आल्यावर निघता येईल अशी रजा आधीच बोलून ठेवायला हवी होती. २ मेच्या बैठकीत हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

माहेरचा प्रवास सकाळच्या सहाच्या गाडीनं, मध्ये उतरून पाय मोकळे करत, आणि आठवडाभर आधी व्हायला हवा होता.

हालचाल मोजायला लेकीला शिकवलं, आईला शिकवलं नाही. निर्णय घेणारी आई होती. "दोन तासांत दहा नाही, तर गाडी बोलवा" हे वाक्य आईला, भावाला, वडिलांना, ज्याच्या हातात फोन आहे त्या प्रत्येकाला पाठ असायला हवं होतं. आशाताईंनी आता ते कोळशानं दाराच्या आतल्या बाजूला लिहायला सुरुवात केली आहे, खाली १०८, आणि रेंज कुठं मिळते ती जागा.